हजेरीपटावर उशिरा आलेलं नाव

उशिरा लग्नाला उभ्या राहणाऱ्याला मराठीत घोडनवरा म्हणतात आणि बाई असेल तर घोडनवरी. उशिरा शिकायला बसणाऱ्याला मात्र भाषेनं काहीच नाव दिलेलं नाही. ‘एवढा घोडा झालास तरी’ हे वाक्य आहे, पण ते शिकणाऱ्यासाठी नाही, न शिकणाऱ्यासाठी आहे. शिक्षण मंडळाच्या लेखी तो ‘सतरा नंबरचा फॉर्म’ भरलेला उमेदवार असतो. विद्यापीठाच्या लेखी तो बहिस्थ असतो, म्हणजे शब्दशः बाहेर उभा असलेला. घरच्यांच्या लेखी तो ‘आता या वयात कशाला’ या प्रश्नाचा धनी असतो. ज्याला भाषेत धड नाव नाही त्याला सिनेमानं मात्र चांगलंच ओळखलं आहे. पस्तिशी, चाळिशी, कधी साठी ओलांडलेलं माणूस वही घेऊन वर्गात शिरतं आणि तिथून विनोद सुरू होतो, या एका प्रसंगावर शंभर वर्षं चित्रपट निघत आले आहेत. हे पुस्तक त्या चित्रपटांविषयी आहे, आणि त्यांतही कमी पैशांत, नटाच्या नावावर न विसंबता, स्टुडिओच्या बाहेर होऊ शकणाऱ्या चित्रपटांविषयी. सोयीसाठी या माणसाला घोडविद्यार्थी म्हणू. शब्द ओबडधोबड आहे, पण ‘प्रौढ अध्ययनार्थी’पेक्षा तो बरा. निदान त्यात माणूस दिसतो.

घोडविद्यार्थी पाहून आपण नेमकं कशाला हसतो? पहिलं उत्तर सोपं आहे: विसंगतीला. टक्कल पडलेला गृहस्थ कँटीनच्या रांगेत उभा राहतो, पोरं त्याला प्राध्यापक समजून नमस्कार करतात, शिपाई पालक समजून ऑफिसकडे बोट दाखवतो. हे विनोद खरे आहेत, पण दहा मिनिटांत संपतात. त्यांवर एक प्रहसन उभं राहील, दोन तासांचा चित्रपट नाही. जे चित्रपट टिकले त्यांनी हसण्याची दिशा फिरवली, असं माझं म्हणणं आहे. आंरी बेर्गसां या फ्रेंच तत्त्ववेत्त्यानं १९०० साली हास्यावर लिहिलेल्या छोट्या ग्रंथात एक सूत्र मांडलं होतं. जिथे जिवंत लवचीकपणा हवा तिथे यंत्रासारखा ताठरपणा दिसला की आपल्याला हसू येतं. घोडविद्यार्थ्याच्या गोष्टीत ताठर कोण हे ठरवण्यातच चित्रपटाची सगळी मेख असते. वाईट चित्रपट म्हाताऱ्याला ताठर ठरवतात: त्याचे गुडघे, त्याच्या सवयी, त्याचं जुनं इंग्रजी. चांगल्या चित्रपटांत तो माणूसच वर्गात सर्वांत लवचीक असतो. त्यानं आपला दिवस, आपली झोप, आपला मान, सगळं वाकवून घेतलेलं असतं. ताठर असतं ते वेळापत्रक. शिकण्याचं वय सहा ते बावीस, हजेरी पंचाहत्तर टक्के, परीक्षा अमुक दिवशी अमुक वाजता. ही गोष्ट वयाची नसून वेळेची आहे. हा मुद्दा एकदा धरला की या प्रकारच्या चित्रपटांचा पसारा बऱ्यापैकी लावता येतो.

पसारा जुना आहे. हॅरॉल्ड लॉइडचा ‘द फ्रेशमन’ १९२५चा आणि बस्टर कीटनचा ‘कॉलेज’ १९२७चा. दोघंही तेव्हा तिशी पार केलेले, आणि दोघंही पडद्यावर कोवळे पहिल्या वर्षाचे विद्यार्थी. कोणी हरकत घेतली नाही. आपल्याकडे तर ही परंपराच झाली. ‘थ्री इडियट्स’ (२००९) प्रदर्शित झाला तेव्हा आमिर खान चव्वेचाळीस वर्षांचा होता. मराठीत ‘दुनियादारी’ (२०१३) पाहताना कट्ट्यावरच्या मंडळींच्या जन्मतारखा कोणी विचारल्या नाहीत, विचारायच्या नसतातच. थोडक्यात, आपल्या पडद्यावर घोडविद्यार्थी कायमच होता. फक्त तो अठराचा असल्याची बतावणी करत होता आणि आपण ती मान्य करत होतो. यातून एक गमतीची गोष्ट सिद्ध होते. वर्गात वय वाढलेलं माणूस बसलेलं आपल्या डोळ्यांना मुळीच खटकत नाही. खटकतं ते त्यानं वय कबूल करणं.

वय कबूल करणाऱ्यांच्या पहिल्या घराण्यातला मोठा चित्रपट म्हणजे ‘बॅक टू स्कूल’ (१९८६). रॉडनी डेंजरफील्डचा थॉर्नटन मेलन हा जाड्या आणि उंच माणसांचे कपडे विकून गबर झालेला दुकानदार. मुलाचं कॉलेजात लक्ष लागावं म्हणून तो स्वतःच प्रवेश घेतो, तोही संस्थेला एक इमारत देऊन. या घराण्याला पाकिटाचं घराणं म्हणावं. इथे माणूस वेळापत्रकाशी झगडत नाही, ते विकत घेतो. म्हणून बराचसा विनोद उथळ राहतो. पण त्यात एक प्रसंग आहे ज्यासाठी हा चित्रपट माफ करावा. कर्ट व्हॉनेगट या कादंबरीकारावर निबंध लिहायचा असतो, तर मेलन खुद्द व्हॉनेगटलाच पैसे देऊन तो लिहून घेतो. प्राध्यापक बाई नापास करतात आणि वर सांगतात, हे ज्यानं कोणी लिहिलंय त्याला व्हॉनेगट ओ की ठो कळलेला नाही. लेखकापेक्षा लेखकावरचा अभ्यासक्रम मोठा झाला. इथे हसू म्हाताऱ्यावरून उडून संस्थेवर जाऊन बसतं आणि या प्रकाराला आपलं खरं काम सापडतं.

दुसरं घराणं सोंगाचं. घोडविद्यार्थी शिकायला आलेलाच नसतो, दुसऱ्याच कामासाठी आलेला असतो. ‘मैं हूं ना’ (२००४) मधला मेजर लष्करी कामगिरीवर दार्जिलिंगच्या कॉलेजात दाखल होतो. ‘मुन्नाभाई एम.बी.बी.एस.’ (२००३) मधला मुरलीप्रसाद बापाच्या अपमानाचा बदला घ्यायला मेडिकलला येतो. प्रवेश परीक्षाही त्याच्या नावावर भलताच माणूस देतो. सोंगाच्या घराण्याची मर्यादा उघड आहे. नायकाला पुस्तकातलं काहीच नको असतं, त्यामुळे शिकण्याची धडपड पडद्यावर येत नाही. पण राजकुमार हिरानींनी या मर्यादेतून एक विलक्षण गोष्ट काढली. त्या कॉलेजचे डीन डॉ. अस्थाना रागावर उपाय म्हणून हसण्याचा व्यायाम करतात. ताण वाढला की ठरल्याप्रमाणे हसतात, घशातून, घड्याळ लावल्यासारखं. बेर्गसांचं सूत्र कोणी चित्रात काढायला सांगितलं असतं तर यापेक्षा नेमकं चित्र निघालं नसतं: यंत्र बनलेली संस्था, जिला हसणंसुद्धा नियमानं करावं लागतं. आणि तिच्यासमोर रुग्णाला नावानं हाक मारणारा गुंड. मुन्ना शेवटी डॉक्टर होत नाही हे आपण विसरतो. इतक्या लोकप्रिय चित्रपटानं नायकाला पदवी नाकारली आणि प्रेक्षकांना ते लक्षातही राहिलं नाही, यावरून त्यांना पदवीत किती रस होता ते कळतं.

तिसरं घराणं राहून गेलेल्या शिक्षणाचं, आणि या पुस्तकाचा जीव त्यातच गुंतलेला आहे. विली रसेलचं ‘एज्युकेटिंग रीटा’ हे नाटक १९८०चं, त्यावरचा चित्रपट १९८३चा. केस कापणारी एक कामकरी बाई ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठातून साहित्य शिकायला येते आणि कंटाळलेल्या, दारूत बुडालेल्या प्राध्यापकाच्या खोलीचं दार ढकलते. ते दार पहिल्यांदा उघडतच नाही, अडकलेलं असतं. नाटककारानं सगळं तिथेच सांगून टाकलं आहे. ‘लॅरी क्राऊन’ (२०११) मधल्या माणसाची नोकरी पदवी नाही म्हणून जाते आणि तो स्कूटरवर बसून गावातल्या कॉलेजात जायला लागतो. सौम्य, जरा जास्तच सौम्य चित्रपट. हिंदीत या घराण्याची दोन चोख उदाहरणं आहेत आणि दोन्ही स्त्री दिग्दर्शकांची. ‘निल बटे सन्नाटा’ (२०१६) मध्ये अश्विनी अय्यर तिवारींनी आग्र्यातल्या एका मोलकरणीला स्वतःच्या मुलीच्याच दहावीच्या वर्गात बसवलं. गौरी शिंदे यांच्या ‘इंग्लिश विंग्लिश’ (२०१२) मधल्या शशी गोडबोले तर आपल्या पुण्याच्याच. लाडू करून विकणारी ही गृहिणी न्यूयॉर्कमध्ये चार आठवड्यांच्या इंग्रजीच्या वर्गाला गुपचूप जाते. त्यात शेवटची परीक्षा भाचीच्या लग्नाच्या दिवशीच येते. धाकट्या मुलाच्या धक्क्यानं लाडवांचं ताट पालथं होतं. आता लाडू पुन्हा वळायचे की परीक्षेला जायचं? ती लाडू वळते. वर्ग चालवणारा शिक्षक मग लग्नघरी येतो आणि तिनं तिथे केलेलं छोटंसं भाषण हीच तिची परीक्षा ठरते. लोक या प्रसंगाकडे भावनेचा प्रसंग म्हणून पाहतात. मला तो वेळापत्रकावरचा सर्वांत अचूक विनोद वाटतो. बाईचा दिवस आणि संस्थेचा दिवस एकमेकांवर आदळतात, आणि एकदा तरी संस्थेला उठून बाईच्या दारी यावं लागतं.

हे सगळं परदेशातून किंवा हिंदीतून आपल्याकडे आलं असं कोणी म्हणेल, तर महाराष्ट्राचा इतिहास उलटी साक्ष देतो. उशिरा शिकणारं माणूस हे आपल्या आधुनिकतेच्या मुळाशीच आहे. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली शेतकरी आणि मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसा शेतात राबणाऱ्यासाठी शाळा दिवसा ठेवणं म्हणजे ती बंद ठेवणंच, हे त्यांना उमगलं होतं. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन उघडलं तेव्हा तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी विशी ओलांडलेली होती. पुढे त्याच धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी झाल्या. रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे की नवरा शिकवत होता म्हणून घरातल्या बायकांकडून त्यांना काय काय ऐकून घ्यावं लागलं. डॉ. आंबेडकरांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केलं आणि नोकरदारांना शिकता यावं म्हणून सकाळचे वर्ग ठेवले. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली नाशिकला स्थापन झालं. बारावी न झालेल्यालाही पूर्वतयारीच्या अभ्यासक्रमावरून पदवीकडे जाण्याची वाट त्यानं करून दिली. या प्रत्येक पावलात वेळापत्रक वाकवलेलं दिसतं. रात्र, सकाळ, पोस्टानं येणारं पुस्तक. सुधारकांचं काम पुष्कळदा तत्त्वज्ञानाचं मानलं जातं, पण त्यातला मोठा भाग घड्याळाचा होता. अगदी अलीकडचं उदाहरण ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावाचं. ८ मार्च २०१६ रोजी तिथे आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी नऊवारी हाच गणवेश, पाठीला दप्तर, आणि वर्ग भरतो दुपारी, घरचं काम आवरल्यावर. त्या गुलाबी लुगड्यांची छायाचित्रं जगभर फिरली. वर्गाची वेळ आजींच्या कामाप्रमाणे ठेवली होती याकडे मात्र फारसं कोणाचं लक्ष गेलं नाही.

मग मराठी रंगभूमीनं आणि सिनेमानं या साहित्याचं काय केलं? पु. ल. देशपांड्यांच्या ‘ती फुलराणी’ (१९७५) मध्ये मुळातलं शॉचं नाटक अस्सल मराठी झालं. तिथेही फुलवाली मंजुळा शिकते झपाट्यानं. ताठर राहतो तो तिला शिकवण्याची पैज मारणारा प्राध्यापक. दुसरं टोक रमेश इंगळे उत्रादकरांच्या ‘निशाणी डावा अंगठा’ या कादंबरीचं आणि पुरुषोत्तम बेर्डे यांनी तिच्यावर काढलेल्या चित्रपटाचं. प्रौढ साक्षरतेची मोहीम तिथे याद्या, रजिस्टरं आणि अहवालांची मोहीम होऊन बसते. शिकणारे कागदावर, शिकवणारे कागदावर, आणि साक्षरही कागदावरच. मराठीत या विषयावर यापेक्षा तिखट विनोद झालेला नाही. पण एक उणीवही त्यातच दिसते. यंत्रणेची टर उडवता उडवता शिकणारं माणूस मात्र बाजूला राहतं. ज्याचा अंगठा आहे त्याची गोष्ट अजून मराठी पडद्यानं पोटभर सांगितलेली नाही. हे पुस्तक ज्या पोकळीत उभं राहू पाहतं ती हीच.

इथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. ज्यांचं शिक्षण गरिबीनं, जातीनं किंवा बाईपणानं हिरावून घेतलं त्यांच्या उशिरा येण्यावर हसायचं तरी कसं? हसणं हेच तर त्यांच्याविरुद्ध वापरलेलं हत्यार होतं. रमाबाई रानड्यांच्या घरातलं हसू काही निरागस नव्हतं. त्यापेक्षा करुण चित्रपट काढावा, निदान अपमान तरी होणार नाही. या आक्षेपातलं निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. करुण चित्रपट माणसाला दयेच्या चौकटीत बसवतो. प्रेक्षक डोळे पुसतो आणि संस्था जशीच्या तशी राहते, कारण तिच्याकडे कोणी पाहतच नाही. विनोदाला मात्र संस्थेकडे पाहावंच लागतं. खिडकीवरचा कारकून, ‘जन्मतारखेचा दाखला आणा’ ही मागणी, पालकांच्या सहीसाठी ठेवलेला रकाना भरायचा तर पंचावन्न वर्षांच्या माणसानं पालक कोठून आणायचा हा पेच, हे सगळं करुणेत बसत नाही, विनोदातच बसतं. अपमान कशानं होतो हे हसण्याच्या दिशेवर ठरतं, हसण्यानं नव्हे. दिशा चुकली तर चित्रपट वाईट होतो हे कबूल, पण म्हणून करुण चित्रपट आपोआप चांगला ठरत नाही.

आता स्वतंत्र चित्रपटाकडे येऊ. स्वतंत्र विनोदी चित्रपट म्हणून पुस्तकाची सुरुवात करायची आणि उदाहरणं मात्र संजय दत्त, श्रीदेवी आणि टॉम हँक्सची द्यायची, हा खोडसाळपणा नाही का, असं विचारलं जाईल. उत्तर असं की मोठ्या चित्रपटांनी वाटा दाखवल्या आणि त्या वाटा जिथे संपतात ते ठिकाणही दाखवलं. मोठ्या नटाला घोडविद्यार्थी केला की त्याला शेवटी गॅदरिंगमध्ये टाळ्या मिळवाव्याच लागतात. साधी केटी लागून पुढच्या वर्गात ढकलला गेलेला नायक बड्या निर्मात्याला परवडत नाही. आणि या माणसांच्या आयुष्यात टाळ्यांपेक्षा केटी जास्त येते. अनोळखी चेहरा असेल तर प्रेक्षकाला आधीच माहीत नसतं की हा पास होणार. तेवढ्या अनिश्चिततेवर विनोद जगतो. दुसरं कारण मराठी स्वतंत्र चित्रपटाच्या स्वभावात आहे. उमेश कुलकर्णींचा ‘वळू’ (२००८) मोकाट बैल पकडायला आलेल्या वनाधिकाऱ्याची गोष्ट सांगत गावाची आणि खात्याची मजा उडवतो. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) विनोदी म्हणून ओळखला जात नाही, पण कनिष्ठ न्यायालयातलं कलमवाचन तो इतकं पूर्ण दाखवतो की हसू आणि धास्ती एकदमच येतात. संस्थेकडे थांबून, घाई न करता पाहण्याची ही नजर मराठी दिग्दर्शकांकडे आहे. घोडविद्यार्थ्याच्या गोष्टीला हीच नजर लागते.

तिसरं कारण सर्वांत जुनं आहे. मराठीतला पहिला स्वतंत्र चित्रपटकार स्वतःच घोडविद्यार्थी होता. धुंडिराज गोविंद फाळके यांनी १९११ साली गिरगावात ख्रिस्ताचा चित्रपट पाहिला तेव्हा ते चाळिशी ओलांडलेले, बायकामुलं असलेले, छापखान्याचा धंदा सोडून बसलेले गृहस्थ होते. विमा पॉलिसी गहाण टाकून १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले, हेपवर्थच्या स्टुडिओत काम पाहून शिकले आणि एप्रिलच्या सुमारास यंत्रसामग्री मागवून परतले. एकेचाळिसाव्या वर्षी, काही आठवड्यांच्या मुदतीत. परेश मोकाशी यांनी ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) मध्ये ही गोष्ट सांगताना चरित्रपटाचा गंभीर सूर साफ टाकून दिला. नंदू माधव यांचा फाळके घरातलं सामान विकायला निघतानाही उड्या मारत निघतो. शेजारीपाजारी त्याला वेडा ठरवतात आणि तो त्यांच्याकडे लक्ष देत नाही, इतका तो शिकण्यात दंग असतो. चित्रपटाच्या संपूर्ण विनोदाचं बळ एका साध्या निर्णयात आहे. हास्यास्पद कोण याचं उत्तर मोकाशींनी पहिल्या दृश्यापासून ठरवलेलं आहे, आणि ते फाळके नाहीत. कॉलेज नाही, वर्ग नाही, तरी या प्रकारचा मराठीतला सर्वांत पूर्ण चित्रपट मी त्यालाच मानतो.

हे सगळं नवी मुंबईत आणून ठेवायचं ते कशासाठी? या पुस्तकाची कल्पना या शहराभोवती बांधली आहे ती केवळ लेखकमंडळी तिथली म्हणून नाही. १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी ज्याची कल्पना मांडली आणि १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोनं जे उभं केलं, ते शहर मुळातच वेळापत्रकातून जन्मलं आहे. आधी आराखडा, मग नोड, मग सेक्टर, मग माणसं. पण माणसं तिथे आधीपासूनच होती, पंचाण्णव गावांत, भातशेतीवर, मिठागरांवर, खाडीवर. जमीन संपादनात गेली. १९८४च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात पाच जणांनी प्राण दिले. साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांची योजना त्या लढ्यातून आली. जमीन गेल्यावर नोकरीचं आश्वासन होतं, पण नोकरीला शिक्षण लागत होतं, आणि शिकायच्या वयात ही माणसं शेतात किंवा होडीवर होती. आज वाशी, नेरुळ, बेलापूर, खारघरला महाविद्यालयांची दाटी आहे. वाशीला रयत शिक्षण संस्थेचं कर्मवीरांच्या नावाचं कॉलेजही त्यांत आहे. अशा एखाद्या आवारात पन्नाशीचा एक आगरी गृहस्थ प्रवेश घेतो आणि फाटकावरचा पहारेकरी त्याला ओळखपत्राशिवाय आत सोडत नाही, असं दृश्य कल्पून पाहावं. ती जमीन कधीकाळी त्याच्या आजोबांच्या सातबाऱ्यावर असू शकते. या एका दृश्यात करुण, विनोद आणि इतिहास सगळं आहे, आणि ते चित्रित करायला एक फाटक आणि दोन नट पुरतात. तुर्भ्याच्या बाजारात पहाटेपूर्वी गोण्या उचलून आठच्या तासाला झोपेत बसणारा माथाडी, मुलं परदेशी गेल्यावर सिडकोच्या जुन्या घरात उरलेली आणि राहिलेली बी.ए. पुरी करू पाहणारी बाई, ही सगळी या शहराला शोभणारी पात्रं आहेत. मुंबईत कॉलेज म्हटलं की जुन्या दगडी इमारती आणि त्यांची स्मरणं येतात. नव्या मुंबईत कोणालाच कॉलेजची जुनी आठवण नाही, आणि विनोदासाठी हे बरंच आहे.

ही वेळही पोषक आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं (२०२०) शिक्षणात मधेच बाहेर पडून पुन्हा आत येण्याची सोय तत्त्वतः मान्य केली. २०२२ साली वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेची वयाची वरची मर्यादा काढली गेली, म्हणजे आता मुन्नाला निदान वयाच्या खिडकीवर कोणी अडवणार नाही. दारावरचे असे अडसर एकेक निघत आहेत. आत मात्र हजेरी, ओळखपत्र, कट्ट्यावरच्या नजरा आणि प्राध्यापकाचा ‘तुम्ही इथे कसे’ हा प्रश्न तसाच आहे. नियम बदलले आणि सवयी राहिल्या अशा काळातच विनोदाचं पीक चांगलं येतं. यावर शेवटचा एक आक्षेप शिल्लक राहतो. असे चित्रपट उशिरा शिकण्याचं गुलाबी चित्र रंगवतात, कर्ज, थकवा, मध्येच सुटलेली वर्षं लपवतात. हा आक्षेप मला अंशतः मान्य आहे. पदवीदान समारंभात टोपी उडवून संपणारे चित्रपट खरोखरच तसं करतात. पण त्यावर उपाय विनोद सोडण्याचा नाही, शेवट बदलण्याचा आहे. शशी गोडबोलेनं परीक्षा दिली नाही, मुन्ना डॉक्टर झाला नाही, तरी प्रेक्षक रिकाम्या हातांनी घरी गेले नाहीत.

पुस्तकाचा आवाका सांगून थांबतो. यात चित्रपटांची जंत्री नाही. मालिका आणि वेबमालिका मुद्दाम वगळल्या आहेत, कारण त्यांचं वेळापत्रक वेगळं आणि त्यांना लागणारा विनोदही वेगळा. काही लेख चित्रपट वाचतात, काही नवी मुंबईतल्या जागा पाहतात, आणि काही थेट चित्रपट काढू इच्छिणाऱ्यांसाठी आहेत: पटकथेत वेळापत्रक पात्रासारखं कसं आणावं, आवारात परवानगी कशी मागावी, गर्दीचं दृश्य सुट्टीच्या दिवशी कसं उभं करावं. लेखकांत एकमत नाही, आणि माझ्या या मांडणीलाही त्यांतल्या दोघांचा विरोध आहे. त्यांच्या मते घोडविद्यार्थ्याची गोष्ट वेळेची नसून घराची आहे. ते लेख तसेच ठेवले आहेत. हातात पैसे नसताना सुरुवात कशी करायची हे विचारणाऱ्यानं मात्र फाळक्यांकडेच जावं. लंडनहून परतल्यावर भांडवलदाराला आपल्याला काय येतं हे दाखवायला त्यांनी कोणताही नायक उभा केला नाही. वाटाण्याचं एक रोप कुंडीत लावलं, कॅमेरा त्याच्यासमोर ठेवला आणि दिवसामागून दिवस थोडं थोडं चित्रण करत राहिले. ‘अंकुराची वाढ’ हे त्याचं नाव. एकेचाळिशीच्या विद्यार्थ्यानं जमा केलेलं ते पहिलं सबमिशन.